सात चाळीसचा तास आणि आठ दहाची गाडी : आमच्या प्राचार्यांना खुले पत्र

आदरणीय प्राचार्य सर आणि वेळापत्रक समितीतील सर्व सर-मॅडम,

सविनय नमस्कार.

मी बी.ए. पहिल्या वर्षाला आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय भूगोल, मायनर म्हणजे दुय्यम विषय मराठी. कॉलेज सुरू होऊन महिना झाला. भूगोलाचा तास सकाळी सात चाळीसला सुरू होतो, आणि माझी एसटी स्टँडवर पोचते आठ दहाला. या महिन्यात भूगोलाचे १९ तास झाले. त्यातले मी पूर्ण ऐकले ६. बाकीच्या १३ तासांची मला फक्त शेवटची सहा मिनिटं मिळाली, कधी पाच. हा हिशेब अंदाजे नाही, वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून ठेवला आहे.

हे पत्र आधी सूचनापेटीत टाकणार होते. पण पेटीचं कुलूप इतकं गंजलं आहे की टाकलेला कागद बाहेर निघायला पुढचं प्रवेशसत्र उजाडेल असं वाटलं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ओळख पटेलच. आणि यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावचं, सकाळपाळीचं, खेड्यातल्या पोरांनी भरलेलं कॉलेज काही एकच नाही. बाहेरच्या कोणाला आपल्याच कॉलेजचं पत्र आहे असं वाटलं तर वाटू द्या.

तक्रारीआधी एक कबुली देते. मी कॉलेजात शिकायला मिळेल म्हणून आलेच नव्हते. आमच्या गावात बी.ए.बद्दल एकच मत आहे. प्रवेश घेतला त्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, "बी.ए.ले कोनी रोज जाते का बाप्पा? परीक्षेपुरतं जा लागते." माझा चुलतभाऊ याच कॉलेजातून झाला. तीन वर्षांत त्याने वर्ग किती पाहिले हे विचारलं तर तो अजूनही हसतो. मीसुद्धा आठवड्यातून दोन दिवस जायचं, बाकीचे दिवस आईबरोबर निंदायला, असंच मनाशी ठरवलं होतं. सध्या निंदणाचे दिवस आहेत, मजुरी रोख मिळते. तेव्हा रोज येण्याची किंमत आमच्या घरी मोजली जाते, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

पहिल्या आठवड्यात तर काही कळलंच नाही. ऑफिससमोर लावलेल्या कागदावर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी रांग होती. माझी मैत्रीण म्हणाली, हे विषय आहेत की गाडीचे नंबर? आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली हे तिसऱ्या दिवशी कळलं. तो तास कोण घेणार हे दहाव्या दिवशी कळलं, आणि तेव्हा ज्यांचं नाव निघालं त्या सरांनासुद्धा ते त्याच दिवशी कळलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं आहे, एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, एका वर्षाने सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, हे सगळं शेवटी ऑफिसमधल्या बाबूंनी खिडकीतून समजावलं. बोनाफाईड देता देता. त्यांचे आभार.

त्या पंधरा तासांचं गणित मात्र मी लगेच पकडलं. क्रेडिट तासांवर मोजतात. मग जी मुलगी तासालाच पोचत नाही, तिच्या क्रेडिटमध्ये नेमकं काय जमा होतं?

आता भूगोलाच्या सरांविषयी. जरा लांब लिहिणार आहे, कारण हे पत्र त्यांच्या तासामुळेच लिहिते आहे.

पहिल्या आठवड्यात मी दारात पोचले तेव्हा सर आवरतच होते. टेबलावर एक काचेचा ग्लास होता, त्यात चिखल, आणि ग्लासवर पेनाने मारलेल्या दोन रेघा. मुलं उठत होती. मी मैत्रिणीला विचारलं, काय झालं? तिने सांगितलं, सरांनी उन्हाळ्यातच वावरातलं एक वाळलेलं ढेकूळ आणून ठेवलं होतं. त्याचा चुरा ग्लासात भरला, रेघ मारली, पाणी ओतलं आणि शिकवत राहिले. तास संपता संपता माती पहिल्या रेघेच्या वर चढली होती. मग दुसरी रेघ. तो ग्लास त्यांनी खिडकीत ठेवून दिला. पंधराएक दिवसांनी, मध्ये उघाड पडली तेव्हा, त्यातली माती सुकून काचेपासून सुटली आणि मधोमध चिरली. तेवढं मला पाहायला मिळालं, कारण खिडकी पळून जात नाही.

दुसऱ्या एका दिवशी मी वेळेवर होते. दूधवाल्या काकांच्या मोटरसायकलवर, दोन कॅनच्या मध्ये बसून आले होते. त्या दिवशी सरांनी विचारलं, काळी माती उन्हाळ्यात का भेगाळते? आम्ही गप्प. वावर सगळ्यांच्या घरी, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, सर, आमच्या वावरात बाबांचा पाना भेगेत पडला होता. खूप कोरलं, सापडला नाही. दोन वर्षांनी वखरताना आपोआप वर आला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हेच. हेच सांगायचं होतं मला." मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, त्यांचा बेसॉल्ट झाला. तो खडक झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. भेगा पडतात, वरची माती त्यांत घरंगळते, पाऊस आला की खालची फुगून वर रेटते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. पाना तसाच वर आला. ही माती ओल धरून ठेवते म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तिच्यात तग धरते, पण नत्र आणि स्फुरद तिच्यात कमी, म्हणून खताची पोती टाकावी लागतात, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितलं.

मी घरी जाऊन बाबांना हे सांगितलं. बाबा दहावी नापास. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मुरमाड वावरात काऊन नाही फाटत?" हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारणार होते. दुसऱ्या दिवशी मी सहा मिनिटं उरलेली असताना पोचले.

लोणारचा तासही असाच अर्धा गेला. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं ते विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आपल्याच विदर्भातल्या बुलडाणा जिल्ह्यात. मी आत आले तेव्हा फळ्यावर दोन आकडे होते, बावन्न हजार वर्षे आणि पाच लाख सत्तर हजार वर्षे. पहिल्यावर काट मारलेली. सर सांगत होते की आधीच्या पद्धतीने काढलेलं वय एक होतं, पुढे आर्गॉनच्या मोजणीत ते दहापटीहून जास्त निघालं, तेव्हा पुस्तकात छापलेला आकडाही कोणत्या सालचा आहे ते बघत जा. आजवर कोणत्याही मास्तरांनी मला पुस्तकावर संशय घ्यायला सांगितलं नव्हतं. मोजणी नेमकी कशी करतात ते मात्र त्याआधीच्या बेचाळीस मिनिटांत होऊन गेलं होतं.

एकदा तास संपल्यावर मी शंका विचारायला मागे गेले. सर म्हणाले, "चालता चालता विचार." ते स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलकडे निघाले होते. हेल्मेट घालता घालता त्यांनी उत्तर दिलं आणि गेले. नंतर कळलं की सर तासिका तत्त्वावर आहेत. जितके तास घेतले तितकं मानधन. सुट्टीचं नाही, उन्हाळ्याचं नाही. सकाळचा पहिला तास आपल्याकडे घेऊन ते दुसऱ्या गावच्या कॉलेजात जातात, तेव्हा कुठे महिना भागतो. म्हणून त्यांना पहिला तास हवा, म्हणून भूगोल पहिला, आणि म्हणून तो मला मिळत नाही. यात कोणीच चुकीचं वागत नाही, हीच पंचाईत आहे. सर बरोबर आहेत, वेळापत्रक करणारे मॅडम बरोबर आहेत. गाडीसुद्धा तिच्या वेळेवरच येते. आठ वाजून दहा मिनिटांनी स्टँडवर. तिथून कॉलेज बारा मिनिटांची चाल. आठ बावीस. तास सुटतो आठ अठ्ठावीसला.

कोणी म्हणेल, ऑटोने ये. आमच्या फाट्यावरून ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, आणि दोन्ही बाजूचं भाडं रोज देणं जमत नाही. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट होता. बी.ए.ला आल्यावर तो संपला. आता सवलतीचा महिन्याचा पास काढते, त्यात एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. पास खिशात असताना ऑटोला पैसे देते म्हटलं तर आई काही बोलत नाही, फक्त बघते. दूधवाले काका रोज जात नाहीत. मावशीकडे दोनदा मुक्काम केला, तिसऱ्यांदा करायला लाज वाटते.

मराठीचा तास तिसरा असतो, म्हणून तो पूर्ण मिळतो. पहिल्याच दिवशी मॅडमनी ओळख करून द्यायला सांगितली. मी घाबरले होते. बोलून गेले, "मले वाचाले आवडते." मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. हसणारे तालुक्याच्याच गावचे, त्यांच्या घरीही "मले"च बोलतात हे मला पक्कं माहीत आहे. मॅडमनी फळ्यावर "मले" आणि "वाचाले" लिहिलं, शेजारी "मला" आणि "वाचायला" लिहिलं आणि विचारलं, काय बदललं? कोणीतरी म्हणालं, ले चं ला झालं. त्या म्हणाल्या, "बरोबर. ही चूक नाही, हा वऱ्हाडीचा प्रत्यय आहे. परीक्षेत ला लिहा, घरी ले बोला, आणि दोन्हींतला फरक सांगता आला पाहिजे." पुढे त्या ऋद्धपूरवर आल्या. अमरावती जिल्ह्यातल्या त्या गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतल्या गद्य ग्रंथांची सुरुवात आपल्या या मुलखात झाली. आता तिथे मराठी भाषेचं विद्यापीठही झालं आहे. मी आजवर ऋद्धपूर हे नाव फक्त महानुभावी लोकांच्या यात्रेच्या संदर्भात ऐकलं होतं.

त्याच तासाला त्यांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांची गोष्ट सांगितली. पंडिताने संस्कृतात विचारलं तेव्हा ते म्हणाले, तुमचं अस्मात् कस्मात् मला कळत नाही, मला चक्रधरांनी मराठीत सांगितलं, त्यातच विचारा. हे ऐकल्यावर मला लगेच चौथा तास आठवला. चौथा तास इंग्रजीचा. सर छान बोलतात, घाईही करत नाहीत. पण अठ्ठेचाळीस मिनिटं सगळं इंग्रजीत, आणि शेवटी विचारतात, "ऑल क्लिअर?" आम्ही सत्तर जण एका सुरात "येस सर." सर, ते येस खोटं असतं. आम्ही मराठी माध्यमातून आलो आहोत. सगळं मराठीत शिकवा असं म्हणत नाही, मग इंग्रजी येणार कधी? मध्ये एखादं वाक्य मराठीत टाका, म्हणजे तुटलेला धागा पुन्हा हाती लागेल. नागदेवांसारखं तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही म्हणून इथे लिहिलं.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचा घ्यावा लागतो, म्हणून आम्हाला हिशेबशास्त्राची तोंडओळख आली. वैताग येईल असं वाटलं होतं. पण नावे-जमा शिकल्यावर आईच्या बचत गटाची वही उघडून बसले, तर दोनशे दहा रुपये एकदा जमेत आणि एकदा कर्जफेडीत असे दोन ठिकाणी चढलेले निघाले. आता गटातल्या बाया मला "ऑडिटर" म्हणतात. तो तास बंद करू नका.

एक तास असाही आहे की सर मोबाईलवरची पीडीएफ वाचून दाखवतात. कोणता ते लिहीत नाही. ती पीडीएफ आमच्या ग्रुपवर आधीच आलेली असते.

आणि पाणी. व्हरांड्यात गाडगेबाबांची दशसूत्री रंगवली आहे, अक्षर सुंदर आहे. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी. त्याच ओळींच्या खाली वॉटर कूलर आहे आणि तो मी आल्यापासून बंद आहे. यावर वेगळं काही लिहायची गरज वाटत नाही.

आता मागणीचं. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही, असं नोटीस बोर्डावर लागलं आहे. भूगोलाची हजेरी तासाच्या सुरुवातीला होते. म्हणजे १३ दिवस मी गैरहजर. जी रोज पहाटे पाचला उठते, दोन किलोमीटर फाट्यापर्यंत चालते, गाडीत उभी राहून येते आणि धापा टाकत सहा मिनिटांसाठी वर्गात शिरते, ती कागदावर आलेलीच नसते. उशिरा येणाऱ्यांना सर कधी बाहेर ठेवत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण रजिस्टरमध्ये सहा मिनिटांचा रकाना नाही.

ही एकटीची गोष्ट नाही. गेल्या आठवड्यात आम्ही तिघींनी त्या गाडीत वही फिरवली. सहा गावांची मिळून आपल्या कॉलेजची ४३ मुलं-मुली निघाली. त्यातल्या २९ मुली. पहिला तास कोणत्याही विषयाचा असो, या सगळ्यांचा तो जातो.

आम्ही आगारातही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, ऐकून घेतलं. ते म्हणाले, फेरीची वेळ पाऊण तास आधी घेण्याचा विचार करता येईल, पण तोंडी चालत नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी आणि विद्यार्थ्यांची संख्या गावनिहाय द्या, म्हणजे वर पाठवता येतं. बस्स, इतकंच. एक पत्र.

ते होईपर्यंत, किंवा नाहीच झालं तर, दुसरा मार्ग आहे. भूगोलाचे चार दिवसांचे चार तास दोन दिवसांत जोडतास म्हणून घेता येतील का, आठ अठ्ठावीसपासून पुढे? सरांच्या फेऱ्या चारऐवजी दोन होतील, त्यांचं पेट्रोल वाचेल, तासांची संख्या तेवढीच राहील. दुसऱ्या कॉलेजशी मात्र त्यांना जुळवून घ्यावं लागेल, ते प्राचार्यांनी प्राचार्यांना फोन केला तर लवकर होईल असं मला वाटतं. तेही जमत नसेल तर निदान पहिल्या तासाची हजेरी शेवटी घ्यायला सांगा.

एक विनंती हात जोडून करते. भूगोलाच्या सरांना या पत्राबद्दल काहीही माहीत नाही. मी त्यांना विचारलेलं नाही, दाखवलेलं नाही. कृपा करून त्यांना केबिनमध्ये बोलावून "हे तुम्हीच लिहायला लावलं का" असं विचारू नका. तासिकेवरच्या माणसाला असा प्रश्न महाग पडू शकतो, हे एवढ्या दिवसांत आम्हालाही समजलं आहे. लिहायचा विचार माझा, हिशेब माझा, आणि चूक असेल तर तीही माझी.

४३ जणांच्या सह्यांची गावनिहाय यादी ऑफिसच्या खिडकीत दिली आहे. त्याच्या मागे आगाराला द्यायच्या पत्राचा मसुदा टाचला आहे. मराठीच्या वहीतल्या नमुन्यावरून लिहिला, शुद्धलेखन मैत्रिणीने तपासलं. पोळ्याच्या सुट्टीआधी तो लेटरहेडवर घेतला तर आम्ही स्वतः आगारात नेऊन पोच आणू. जावक क्रमांकाची आणि तुमच्या सहीची जागा कोरी सोडली आहे.

आपली विद्यार्थिनी,
बी.ए. प्रथम वर्ष, सत्र पहिले
(आठ दहाच्या गाडीने येणारी)